तुले राग कशाचा येते?

रामटेके काकांनी कधी कुणाला मार्क विचारल्याचं मला आठवत नाही. भिलाईत ही गोष्ट साधी नाही. आमच्याकडे निकाल लागला की शेजारी, दूधवाला, बाबांच्या शिफ्टमधले लोक, सगळे आधी टक्के विचारतात. बारावीनंतर टक्केही मागे पडतात, मग रँक. चौकाचौकांत कोचिंगच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो आणि फोटोंखाली आकडे. अशा गावात हा माणूस समोरच्याला विचारायचा, "तुले राग कशाचा येते?"

श्रावण रामटेके प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, क्रेन ऑपरेटर होते. रोलिंग मिलच्या छताखाली, खूप उंचावर त्यांची केबिन होती. खालून तापलेलं लाल लोखंड सरकायचं आणि त्यांनी ते अलगद उचलून पलीकडे ठेवायचं. प्लांट बांधला जात होता तेव्हा त्यांचे वडील भंडाऱ्याकडून मजुरीला आले आणि इथेच राहिले. काका इथेच जन्मले. शिफ्ट सांभाळून त्यांनी बी.ए. केलं होतं आणि त्यानंतर एम.ए. एक नव्हे. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा तीन झाली होती.

दर रविवारी सकाळी, हुडको वसाहतीतल्या बौद्ध विहारात वंदना झाली की ते बाजूच्या खोलीत बसायचे. खोलीत एक लोखंडी कपाट, एक लांब टेबल, प्लास्टिकच्या पाच-सहा खुर्च्या. कपाटात निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपत्रकं, जुने पेपर, फॉर्मच्या झेरॉक्स. बी.ए. झालेली, बी.ए.त अडकलेली, बी.एस्सी. करून पस्तावलेली पोरं-पोरी तिथे यायची. कोणत्या विद्यापीठात कोणता विषय आहे, कुठे प्रवेश परीक्षा आणि कुठे मुलाखत, कुठे बाहेरून परीक्षा देता येते, कुठे मुलींचं हॉस्टेल विभागापासून पायी जाण्यासारखं आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हॉस्टेलचं अंतर त्यांनी स्वतः चालून पाहिलेलं असायचं. सुट्टी काढून ते विद्यापीठं बघायला जायचे, जशी इतर माणसं देवदर्शनाला जातात.

मला तिथे बाबा घेऊन गेले. मी दुर्गच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते, सेकंड क्लास. आत्याचा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला लागला होता आणि आमच्या घरात माझ्या बी.ए.बद्दल लोक आवाज खाली करून बोलायचे. बाबा कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते, काकांना प्लांटमुळे ओळखायचे.

"भाऊ, पोरीचं बी.एड. करावं म्हणतो," बाबा म्हणाले. "तेवढा फॉर्म पाहून द्या. तोवर दोन-तीन स्थळंबी पाहून राहिलो."

काकांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. बारीक अंगाचा माणूस, केस पांढरे, शर्टाची वरची गुंडी लावलेली.

"काय नाव बेटा?"

"संध्या."

"संध्या, तुले राग कशाचा येते?"

मला वाटलं, ते मस्करी करताहेत. पण ते थांबले होते. थांबणं ही त्यांची सवयच होती. प्रश्न विचारला की हात टेबलावर ठेवायचे आणि उत्तर येईपर्यंत हलवायचे नाहीत. मागच्या खुर्च्यांत बसलेल्या दोन पोरी माझ्याकडे बघत होत्या. बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटलं, "मागच्या महिन्यात आजीले दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं सगळं मलेच विचारलं. कुठं दुखते, कधीपासून दुखते. आजी समोर बसून होती. तिले बोलता येते."

"अच्छा. मग?"

"मग काही नाही. मी सांगत गेली." आणि मग, मी कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं ते तोंडातून आलं, "त्याचाच राग येते. मी कावून, कशापायी सांगत गेली?"

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पाह्य बेटा, याच्यावर शिकता येते. समाजशास्त्रवाला विचारन, असं कोणत्या कोणत्या माणसासोबत होते अन् कोणासोबत होत नाही. समाजकार्यवाला म्हणन, उद्या त्या दवाखान्यात काय बदलता येते ते सांगा. राज्यशास्त्रवाला पाहीन, डॉक्टरले विचारणारं वरती कोणी आहे का नाही." इथे ते जरा थांबले. "अन् मानवशास्त्रवाला आधी तुझ्या आजीजवळ जाऊन बसन. आठ दिवस, पंधरा दिवस. ती सांगन तेच ऐकन."

"मले ते पाहिजे," मी म्हणाले.

बाबांनी खिडकीतून मान वळवली. "याच्यानं नोकरी काय लागते भाऊ?"

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथे भाषण दिलं असतं. काका म्हणाले, "लागते. म्युझियममध्ये, सर्व्हेत, संस्थांमध्ये. नेट काढली तर कॉलेजात. पण बी.एड.वाणी सरळ रस्ता नाही. खोटं बोलून तुमच्या पोरीले पाठवणार नाही मी."

हे खरं होतं. नंतर एका रविवारी माझ्यासमोरच त्यांनी एका मुलाला एम.ए. करू नको असं सांगितलं. तो म्हणत होता, घरात बसल्यासारखं वाटू नये म्हणून इंग्रजीत एम.ए. करतो. काका म्हणाले, "दोन वर्षं लपायले जागा पाहून राहिला तू. लपायचंच आहे तर आयटीआयमध्ये लप, हात तरी चालन." तो मुलगा रागावून गेला. पुढे तो आयटीआयमध्ये गेला की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी बाबा "पाहू" एवढंच म्हणाले.

पण मी रविवारी जात राहिले. बी.एड.चा फॉर्म भरायला म्हणून जायचे आणि मानवशास्त्राचे जुने पेपर घेऊन यायचे. काकांविषयी मला जे कळलं ते त्या खोलीत, तुकड्यातुकड्यांनी.

पहिलं एम.ए. त्यांनी इतिहासात केलं, त्याला कारण एक समारंभ. प्लांटचा कसला तरी वर्धापनदिन होता. व्यासपीठावर कुणी पाहुणे आले होते, त्यांनी हा कारखाना ज्यांनी उभारला त्यांची नावं घेतली. आराखडा कुणी काढला, परदेशातून कोण आले, साहेब कोण होते. काकांचे वडील तेव्हा जिवंत होते, थकले होते, पण हट्टानं समारंभाला आले होते. ते शेवटपर्यंत पुढे वाकून ऐकत राहिले. घरी येताना म्हणाले, "आमचं नाव दुसऱ्या कागदात असन." त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"मले तो दुसरा कागद पाहायचा होता," काका म्हणायचे. "म्हणून इतिहासाचा फॉर्म भरला. दोन वर्षं वाचलं. तो कागद नोहताच. मग मीच लिवायले बसलो." त्यांनी वडिलांच्या बरोबरच्या मजुरांची नावं गोळा केली होती. गाव, काम, कुठल्या भट्टीच्या पायावर होते ते. ती वही कपाटात सगळ्यात वर असायची.

त्या एम.ए.च्या परीक्षेची गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितली, कारण काका स्वतः सांगत नसत. पेपर दुपारचा होता. सकाळची शिफ्ट संपवून ते तसेच सायकलीनं सेंटरवर गेले. अंगावर प्लांटचा गणवेश, पायात सेफ्टी शूज. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. पर्यवेक्षक दारात उभे होते. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, वो बेंच लंगडा है, उधर कोने में कर दो. काकांनी बेंच उचलला, कोपऱ्यात नेला, खालून कागदाची घडी लावून सरळ केला. मग खिशातून हॉल तिकीट काढलं आणि त्याच बेंचवर बसले. पर्यवेक्षकांचा चेहरा पडला. पेपर झाल्यावर ते माफी मागायला आले तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं सर. नाहीतर तीन घंटे हलला असता."

काकू हे सांगून हसल्या, मीही हसले. घरी येताना मात्र मला हसू आलं नाही. मी विचार करत होते, मला तसं कुणी म्हटलं असतं तर मी परत गेले असते. मी नक्की परत गेले असते.

जूनच्या शेवटी मला प्रवेशाचं पत्र आलं. मानवशास्त्र, एम.ए., बाहेरच्या राज्यात, रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस. परीक्षा मी चोरून दिली होती. बाबांनी पत्र वाचलं, घडी करून टीव्हीवर ठेवलं आणि जेवायला बसले. जेवण झाल्यावर म्हणाले, "दुर्गच्या बी.एड.ची यादी लागून राहिली. तिथं जाजो." प्रवेश घ्यायला बारा दिवस होते.

मी काकांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुधा मी त्या रविवारी गेले नाही म्हणून. सोमवारी संध्याकाळी ते आमच्या क्वार्टरवर आले. मला वाटलं, आता वाद होणार. ते बसले, आईनं दिलेला चहा प्यायले, कोक ओव्हनच्या नव्या बॅटरीबद्दल, म्हणजे भट्ट्यांच्या नव्या रांगेबद्दल बाबांशी बोलले. मग म्हणाले, "तुमाले नितीनचं कधी सांगितलं नाही मी."

नितीन त्यांचा मुलगा. तो जामुलला राहायचा आणि काही वर्षं बापाकडे येत नव्हता, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"दोन वर्षं कोचिंगले होता," काका म्हणाले. "दोन्ही वर्षं नाही झालं. एक दिवस बॅग ठेवली अन् जामुलले गेला. सिमेंट फॅक्टरीत ठेकेदारापाशी लागला. मले बोलेच ना. मी घरी ये म्हटलं की फोन ठेवून दे. तेव्हा मी सायकॉलॉजीचा फॉर्म भरला होता, मुक्त विद्यापीठातून. त्याच्यात प्रोजेक्ट असते, एका माणसाची लंबी मुलाखत घ्यायची. तो कागद घेऊन मी बसनं जामुलले गेलो. गेटासमोर चहाची टपरी आहे, तिथं बसलो. तो बाहेर आला. म्हटलं, मले तुझी मुलाखत पाहिजे. तो म्हणे, दुसरं कोणी भेटलं नाही का? मी म्हटलं, भेटलं, पण तुझी पाहिजे. अन् नियम आहे. मले मधात बोलता येत नाही. सल्ला देता येत नाही. फक्त लिवता येते."

बाबा कप हातात धरून ऐकत होते.

"पहिल्या रविवारी तो चहा पिऊन निंघून गेला. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी बोलला. दोन घंटे बोलला भाऊ. म्हणे, पहिल्याच महिन्यात समजलं होतं मले, की माझ्यानं हे होत नाही. पण मी कोचिंगले निंघालो की तुम्ही रोज गेटात उभे राहून हात दाखवत होते. कसं सांगू?" काका इथे बाबांकडे वळले. "मले किती वेळा वाटलं, मधात बोलावं. असं नोहतं बाबू, मी प्रेमानं उभा राहत होतो, असं सांगावं. पण नियम होता. लिवत राहिलो."

"मग?" आईनं दारातून विचारलं.

"मग काही नाही, वैनी. आता येते तो घरी, सणासुदीले. मोटार वाइंडिंगचं काम शिकला, दुकान टाकलं. मस्त चालते. दुनियेच्या पोराईले मी विचारत होतो, राग कशाचा येते. घरच्याले नाही विचारलं. मले वाटे, त्याचं मले माहीत आहे."

"अन् तो प्रोजेक्ट?"

"तो जमा नाही केला. तो जमा करायचा कागद नोहता. एका रिटायर मास्तराची दुसरी मुलाखत घेतली, सहा महिने उशीर झाला."

मग ते उठले. माझ्या प्रवेशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चपला घातल्या आणि गेले. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. एवढं येऊन माझं काहीच बोलले नाहीत म्हणून.

मग बाबांनी टीव्हीवरचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं. मला हाक मारली.

"तुले खरंच जायचं आहे?"

"हाव."

"कावून?"

मी सांगायला लागले. बाबांनी मधे तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. मला माहीत आहे, त्यांना ते किती जड गेलं असेल. आमच्या घरात बाबांच्या बोलण्याखेरीज दुसरं बोलणं फार होत नसे. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं खायले काय भेटते?"

मी गेले. दोन वर्षांत काकांचे फोन यायचे, मोजकेच. काय वाचून राहिली, कोणाजवळ जाऊन बसली, एवढं विचारायचे. निकाल लागला तेव्हाही मार्क विचारले नाहीत.

मी बाहेर असतानाच ते रिटायर झाले. रिटायर होऊन आराम करतील असं घरच्यांना वाटलं होतं. त्यांनी रायपूरला भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला. या वेळी बाहेरून परीक्षा नाही, रोज वर्गात बसून. साठीतला माणूस पाठीला बॅग लावून सकाळच्या गाडीनं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. विषय निवडला तोही आपला घरचा. भिलाई-दुर्गकडे आम्ही जी मराठी बोलतो, नागपूरकडून आलेली आणि इथे हिंदी-छत्तीसगढीत मुरलेली, तिचे शब्द. पोरं आता ती फक्त घरात बोलतात, आणि तीही अर्ध्या वाक्यात हिंदीत जातात. काका वही घेऊन हुडको, जामुल, उतई असे फिरले आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसले. आमच्या घरी तीन दुपारी येऊन आजीजवळ बसले होते, हे मला आईनं फोनवर सांगितलं. "एवढा वेळ काय बोलत होते?" मी विचारलं. आई म्हणाली, "ते कुठं बोलले? तुझी आजीच बोलत होती."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला आणि म्हणाले, ये तो टूटी-फूटी मराठी हुई ना. त्यांच्या वर्गातली एक मुलगी तिथे होती, तिनं मला पुढे सांगितलं. काका म्हणाले, "सर, आपके विषय की सब किताबें पढ़ लीं मैंने. टूटी-फूटी ये शब्द कहीं नहीं मिला. मिले तो बताइए, मैं लिख लेता हूँ." आणि खरंच पेन काढून बसले. उर्मटपणा नव्हता. ते नेहमीसारखे उत्तराची वाट बघत होते.

तो प्रबंध मी सुट्टीत आले तेव्हा पाहिला. शेवटी ज्यांनी शब्द दिले त्यांची यादी होती. त्यात आजीचं नाव होतं, गावासकट: कौतिकाबाई, मु. सिरसोली. आमच्या घरात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. मी ते पान तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तेच होय," आणि पानावरून हात फिरवला.

गेल्या वर्षी काका गेले. मी कामाच्या गावाहून पोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यामुळे मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याआधीच्या उन्हाळ्यात.

मी दुर्ग स्टेशनला निघाले होते. एका कॉलेजच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाच्या सावलीतल्या कठड्यावर काका बसलेले दिसले. रिक्षा थांबवून मी उतरले. त्यांच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाची एक पोरगी झोपली होती. जवळ गेल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत परीक्षा चालू होती. हुडकोतल्या अनसूयाबाई, दवाखान्यात वॉर्डात काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, एम.ए. राज्यशास्त्राचा पेपर लिहीत होत्या. ही त्यांची नात. पोरीच्या आईला त्या दिवशी ड्युटी होती, सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून काका आले होते. हे सगळं त्यांनी मला कुजबुजत सांगितलं.

ऊन सरकत त्यांच्या खांद्यावर आलं होतं. त्यांचा एक पाय मुडपलेला होता आणि तो सुन्न झाला असावा, कारण ते मधूनच दात आवळत होते. मी हात पुढे केले. म्हटलं, "द्या, मी घेते जरा वेळ. माझ्या गाडीले टाइम आहे."

त्यांनी मान हलवली. वर्गाच्या खिडकीकडे डोळ्यांनीच दाखवलं. खिडकी उघडी होती, फार लांब नव्हती.

"पोरगी उठन," ते ओठातल्या ओठात म्हणाले. "आवाज आत जाईन. हिच्या आजीचा शेवटचा प्रश्न बाकी आहे."

मी त्यांच्यावर सावली पडेल अशी उभी राहिले. घंटा होईपर्यंत ते हलले नाहीत.